बॅटरीच्या बदल्यात

वादळाच्या त्या आठवड्यात
देवगडच्या बंदरात गुजरातच्या बोटी येऊन थांबल्या होत्या,
एकमेकींना दोर बांधून, नाकं वाऱ्याकडे करून.
त्यांतला एक खलाशी पाणी मागत वर आमच्या कलमांत आला.
पाय अनवाणी, हातात तीन सेलची बॅटरी,
आणि नजर सारखी माझ्या चाकूवर.

मिटणारा चाकू. मूठ म्हशीच्या शिंगाची,
पातं जामसंड्याच्या तातू मेस्त्रीनं
ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेलं.
उघडताना दोनदा वाजायचा,
आधी हलका, मग ठाम,
जसा सदूमामा आधी खाकरायचा आणि मग बोलायचा.
त्याचाच तो.
त्याच चाकूनं त्यानं मला कलम बांधायला शिकवलं:
"काप एकाच ओढीन जावक व्हयो.
दुसऱ्यांदा पातां लावलंस, तर झाडाक संशय येता."

खलाशानं भर दुपारी बॅटरी पेटवली
आणि विहिरीत झोत सोडला.
तळाच्या कपारीत एक कासव बसलं होतं.
त्याच विहिरीचं पाणी जन्मभर प्यालो,
आणि ते मला ठाऊक नव्हतं.
कारण म्हणाल तर एवढंच.
एका कासवासाठी मी मूठ उघडली.

बॅटरी दिवाळीआधीच मेली.
सेल पाझरले, आत हिरवट मीठ धरलं.
कासव नंतर पुन्हा कधी दिसलं नाही,
की मी वाकून बघितलंच नाही, आता सांगता येत नाही.

चाकू नंतर पुष्कळ आले.
खात्याच्या शिबिरात मिळालेला, पिवळ्या मुठीचा.
त्याला अजून धार आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.
जावयानं आणलेला फणसाच्या चिकात गेला,
मी खोबरेल घेऊन त्याच्यामागे लागलो नाही.
पण लग्नात, मयताला, एसटीत उभं राहिलं
की हात अजून उजव्या खिशाशी जातो.
खिशाला त्याच्याच मापाचं भोक होतं. शेवंतीनं ते शिवलं.
म्हणाली, "आता काय पडणार आहे त्यातून?"

बोटी आल्या की मी तारामुंबरीला उतरायचो,
मासळी घ्यायला म्हणून,
आणि माणसांच्या कमरांकडे बघत फिरायचो.
एकदा एका म्हाताऱ्या खलाशाला खुणेनं विचारलं,
बोट मिटून, बोट उघडून.
त्याला वाटलं, मासा कापून हवाय.
त्यानं मुकाट सुरमई कापली आणि पैसे घेतले.

यंदा कुणकेश्वरच्या जत्रेत
ताडपत्रीवर मांडलेल्या जुन्या लोखंडात
कुलपं, नांगरांचे फाळ, एक बिनकाट्यांचं घड्याळ,
आणि शिंगाची मूठ.
गुडघे टेकून बसलो. उघडला.
एकदाच वाजला.
मुठीवर तापल्या सुईनं टोचलेलं: ग. ल.
माझा नाही, हे कळूनही
तीनशेला म्हणाला, तीनशेला घेतला.

रात्री तेल लावताना लक्षात आलं,
मूठ उलट्या अंगाला झिजलीय.
कुणी डावरा होता.
माझा अंगठा तिथं बसत नाही,
पाटावर भलत्याच्या जागी बसल्यासारखा अवघडतो.
कधी कधी मीच तो डाव्या हातात धरतो,
त्याला जरा बरं वाटावं म्हणून.

मागच्या परड्यात सदूमामाच्या चाकूची एकतीस कलमं आहेत.
जमिनीपासून वीतभर वर, सांध्याशी, एकेक गाठ.
काप त्याच्या आतच आहे, झाडानं तो कुणाला दिला नाही.
संध्याकाळी मी तिथं हात ठेवून उभा असतो,
आणि शेवंतीला सांगतो, मुंग्या बघतोय.

ग. ल., तुम्ही कोण, कुठल्या गावचे,
विकलात, हरवलात की बदल्यात दिलात,
आणि कशाच्या, मी विचारणार नाही.
तुमचा चाकू माझ्याकडे आहे. धार लावून ठेवलाय.
कधीही या, चहा घ्या, घेऊन जा.
फक्त निघण्याआधी तुमच्याकडे,
एखाद्या फळीवर, एखाद्या जुन्या डब्यात
शिंगाच्या मुठीचा एखादा असेल,
तर तेवढा उघडून बघा.
दोनदा वाजतो का.