एन वजा एक

परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
डॉ. फुर्टाडो विचारतो, कुठली टेस्ट लावू?
माणसं तीच का, गोळीआधी नि गोळीनंतर?
तीच. बारा.
मग जोडीची टी. स्वातंत्र्याचे अंश अकरा.
बारावा कुठे गेला?

गेला नाही. फरकांची सरासरी एकदा ठरली
की अकरा जण वाटेल तिथे हिंडू देत,
बाराव्याला उरेल ते व्हावं लागतं.

मान डोलावतो. कळलेलं नाही.

संध्याकाळी काळाचौकीला लॅच उघडते.
चौघांतला भाऊ दुबईत, ताई नाशकात,
धाकटी कुठे ते तिलाच ठाऊक.
आईचा रक्तदाब वहीत लिहिते,
तारीख घालून.

उद्या त्याला हे उदाहरण द्यावं?
नको.
बारा पेशंटांवर भागेल.