शेरा

तासगावच्या कोल्ड स्टोरेजात रात्रपाळी.
बेदाण्याची खोकी छतापर्यंत, कॉम्प्रेसर घोरतोय,
आणि माझी म्हैस पुन्हा
आयर्विन पुलातून खाली पडते.

अठ्ठावीस चौकोनांची म्हैस. शिंगं काही जमली नाहीत.
पूल मी तीनदा तपासला.
तरी ती दगडातून आरपार,
कृष्णेतून आरपार,
स्क्रीनखाली कुठं जाते, देव जाणे.

घरी विचारावं तर म्हणतील,
गोठ्यात दोन आहेत की खऱ्या.

मग अनोळखी माणसांना लिहिलं.
आधी इंग्रजीत. खोडलं.
'आदरणीय' लिहिलं. तेही खोडलं.
शेवटी सरळच :
माझी म्हैस पडते. कोड खाली जोडलाय. हसू नका.

एक जण हसला.
एकानं विचारलं, म्हैसच का?
पावणेतीनला कुणी उमाकांत, गाव ठाऊक नाही :
"फार जोरात पडतेय हो ती.
आत्ता पुलाच्या वर, लगेच पुलाच्या खाली.
मधे पूल होता हे तिला कळतच नाही.
वेगाला हद्द घाला."

एक आकडा बदलला.
धप्प.

हरभट रोडपर्यंत न्यायची होती खरं तर.
नाही नेली.
बघत बसलो.

मग वही ओढली, रोजची नोंद :
वेळ तीन. तापमान चार अंश.
शेरा : उभी आहे.