हेत

ह्वे शहरात आत्याला ‘ओ’ म्हणतात.
आपण हाकेला देतो, तीच.

ओ लाम कालव्याकाठी पहाटे चारला चूल पेटवते.
गवती चहाच्या जुड्या ठेचून हाडांच्या पाण्यात सोडते,
मग आंबवलेली कोळंबी, जांभळट चिखलासारखी.
जवळ्यावर वाढलेला मी,
तरी पहिल्या दिवशी मान फिरवली होती.
आज चौथा दिवस, आणि मला उशीर झालाय.

गुडघ्याएवढ्या स्टुलांवर दोन हमाल.
गणवेशातली एक मुलगी
शेवयांवर केळफुलाचा कीस पसरत
उद्याचं काहीतरी पाठ करतेय.
विन्हहून रात्रभर ट्रक हाकत आलेला ख्येम
चमच्याने लाल तवंग हलकेच बाजूला सारतो,
झोपलेल्याच्या तोंडावरचं पांघरूण सारावं तसा.

पळी तळाला खरवडते.
ओ लाम माझ्याकडे बघते, म्हणते, ‘हेत.’

संपलं, एवढाच त्याचा अर्थ.
पण माझ्या भाषेतला हाच शब्द
मनात धरून मी चार गल्ल्या धावत आलो होतो,
हे तिला कसं सांगू?
नुसता हसतो.

ख्येम काही बोलत नाही.
एक रिकामा वाडगा ओढतो,
आपल्यातलं अर्धं त्यात ओततो,
लोंबणाऱ्या शेवया तोडायला कात्री मागतो.
लिंबाची फोडही देतो, पिळलेली.

पायाचा तुकडा मात्र
स्वतःकडेच ठेवतो.
बरोबर आहे.
रात्रभर चाक त्यानं धरलं होतं,
मी नाही.