शेंगेवरची खूण

सांबावाची माझी आत्या रासुआ
व्हॅनिलाच्या प्रत्येक हिरव्या शेंगेवर
बुचात खोचलेल्या टाचण्यांनी आपली अक्षरं टोचते.
शेंग वाळते, काळी पडते, अक्षरं राहतात.
चोरी झालीच तर भर बाजारात बोट ठेवून म्हणता येतं:
ही माझी.

मी अंतानानारिवोत, टेकडीवरच्या भाड्याच्या घरात
चौदा जणांत बसून
फ्रान्समधल्या दुकानांतले हात बघते.
दुकानाच्या दारावर लिहिलंय, इथला कॅमेरा स्वतः विचार करतो.
तो विचार म्हणजे मी, त्सिरी,
आणि संडासाच्या रांगेत उभा असलेला फानुमेझा.

हात खिशाकडे वळला की लाल चौकट.
चौकटीमागे दर.
दर कोण ठरवतं ते चौकटीबाहेर.

वडील अर्थशास्त्र शिकवायचे, ओडेसाहून शिकून आलेले.
दिवस म्हणून फळ्यावर एक आडवी रेघ ओढत
आणि मध्येच खडू उभा मारत:
इथवर तुझा भात, इथून पुढे वरकड.
मुलं विचारत, सर, तो खडू नेमका किती वाजता?
मला आता ठाऊक आहे.
सातला बसते, संध्याकाळी सातला उठते.
सकाळी नऊ चाळीसला माझा भात शिजतो.
पुढचं सगळं बघणं कुणाच्या तरी होडीसाठी.

आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात.
इथे दळणारी डोळस,
आंधळं आहे ते जातं,
आणि पीठ खाणाऱ्याचं तोंड अजून कुणी पाहिलेलं नाही.

लिमोजच्या दुकानात दर गुरुवारी एक म्हातारी येते.
नाव माहीत नाही, बाकी सगळं माहीत आहे.
फेब्रुवारीपर्यंत दोन पाव घ्यायची, आता एक.
डावा गुडघा दुखतो.
सार्डिनचा डबा उचलते, किंमत वाचते, ठेवते, चष्मा पुसते.
शेजारच्या फळीवर काचेच्या नळीत दोन शेंगा.
टोचलेलं दिसेल म्हणून मी एकदा झूम केलं.
दिसला बारकोड.

तिला कुणी विचारलं नाही, ही बाई तुझ्या घरात डोकावली तर चालेल का.
मलाही कुणी विचारलं नाही,
तुझ्या माउसची थरथर मोजली तर चालेल का.
एकाच वहीत आहोत आम्ही,
ती मालाच्या बाजूला आणि मी...
मीही मालाच्याच बाजूला.

मग एका गुरुवारी डबा फळीवर परत गेला नाही.
कोटात गेला.
माझं बोट चौकटीवर.
अकरा सेकंद.
ती दाराबाहेर पडली तेव्हा मी ‘काही नाही’ दाबलं.

वाटलं, ते अकरा सेकंद माझे.
खडूच्या ना अलीकडचे ना पलीकडचे.
चुकलं.
थबकणंसुद्धा तोललं जातं, गोणीत भरलं जातं.

तीन महिन्यांनी सगळ्यांना एकच पत्र:
यंत्रात दोष आढळला आहे.
वयस्कर बायकांचा हात कोटात गेला
की ते अकरा सेकंद थांबतं.
नांतला थांबतं, लीलला थांबतं,
जिथे मी कधीच पाहिलं नाही तिथेही थांबतं.

मी त्सिरीकडे पाहिलं. हसेल वाटलं.
तो खाली बघत होता.
म्हणजे त्याच्याकडेही एक म्हातारी होती.

पडद्यावर बोट ठेवलं. ही माझी. ही आमची.
पण हे कुठल्या बाजारात जाऊन म्हणायचं?

दोष काढायला माणसं हवीत, खाली लिहिलं होतं,
चौकटीमागे दीडपट.
दोन महिन्यांचं भाडं थकलंय. मी नाव दिलं.

आज सकाळपासून दोनशे सहा म्हाताऱ्या.
एकीपाशीही थांबले नाही.
नऊ चाळीस झाले.
आत्याला फोन करायचाय,
टाचण्या कुठून आणते ते विचारायला.