खिडकी क्रमांक तीन

बॅगेत जिल्हा परिषदेचा कागद होता:
निर्लेखन प्रस्ताव, इमारत धोकादायक,
मोजमापं आणि माझी सही, एवढंच बाकी.
बोरी कोरडी. पुलावरून जिनिंगकडे चाललेले कापसाचे ट्रक
कडेच्या बाभळींना पांढरे केस लावत होते.

लांबी बेचाळीस फूट, रुंदी अठरा.
काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातली वीट,
वासे सातपुड्याच्या सागाचे, निम्मे आता वाळवीचे.
फुटकी कौलं दोनशे अकरा.
उत्तरेच्या भिंतीत तीन खिडक्या.
तिसरीच्या कट्ट्याचा दगड बाहेरच्या अंगाला
सात जागी खोलगट, बोट बसेल असा.
मी वहीत लिहिलं: दगड सदोष, बदलावा.

"कोना पोऱ्या शे तू?"

सुपडाबाई बिऱ्हाडे. नव्वदीच्या पुढची,
हातात काठी, पण काठीवर भार नाही.
मी नाव सांगितलं, आडनाव गिळलं.
तिनं त्या खळग्यांतल्या एकात अंगठा ठेवला,
चष्मा घरात सापडावा तसा, न बघता.
"बुजू नको रे भाऊ. हाई मन्ही जागा शे."

आत बसणाऱ्यांच्या पेन्सिलीला गुरुजी चाकूनं टोक काढून देत.
बाहेरच्यांनी ती दगडावर घासायची.
तीस वर्षं घासली.
आधी तिच्या काकानं, मग भावांनी, मग तिनं,
गजांतून फळा अर्धाच दिसायचा,
त्यामुळे बेरीज यायची, उत्तर यायचं नाही.

मग माघातल्या एका सकाळी
तिच्या बापानं, उखानं, तिला काखेत उचललं
आणि दारातून आत नेऊन ठेवलं,
धान्याचं पोतं ठेवावं तसं, सावकाश.
मागून आणखी सहा जण.
दुपारपर्यंत बाकीची एक्केचाळीस पोरं घरी गेली होती.

बहात्तर दिवस शाळेत सात पोरं आणि राजधर गुरुजी.
गावानं गुरुजींचं दाणापाणी तोडलं.
ते रोज हजेरी घेत, पुरी, अठ्ठेचाळीस नावांची.
एकेका नावानंतर थांबत.
त्या थांबण्यात, सुपडाबाई म्हणते, चिमण्या ऐकू यायच्या.

त्र्याहत्तराव्या दिवशी तेल्याचा नथू आला,
कोनाड्यात राहिलेला भवरा न्यायला.
भवरा घेतला. दारापर्यंत गेला.
घरी करमत नव्हतं त्याला.
परत फिरून बसला.

"पाडा हो साहेब," तिचा नातू प्रशीक म्हणाला,
बँकेतून रजा काढून आलेला, शर्टाला घाम.
"जिनं आजीला बाहेर उभं केलं
त्या भिंतीला कशाला चुना लावता?
पोरांना पंखे द्या, संडास द्या, पाणी द्या."
खोटं नव्हतं त्याचं. तीन वर्गांना मिळून
एक नळ, तोही गळका, मीच मोजला होता.

सुपडाबाई त्याच्याकडे वळली नाही.
"पाडी टाकशात तं लोके म्हनतीन,
आसं काही व्हयनंच नही."

मग तिनं हजेरी म्हटली. पाठ होती तिला.
नाव, आणि थांबणं. नाव, आणि थांबणं.
मी टेप गुंडाळत होतो.
एकोणिसावं नाव यादव भिका पाटील.
माझे आजोबा याच शाळेत शिकले. अक्षर सुरेख होतं.
घरी पाढे म्हणून घेत, तीस तिसापर्यंत.
ते बहात्तर दिवस काय केलं,
कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही,
विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.
टेप हातातून सुटला, सळकन आत गेला.
ती थांबली होती, नेहमीइतकीच.
पुढचं नाव घेतलं.

फॉर्मवर बारावा रकाना आहे:
ऐतिहासिक महत्त्व, असल्यास.
आजवर सोळा शाळांना मी तिथे 'निरंक' लिहिलं,
एकाच पेनानं, उभ्या उभ्या.

'दगड बदलावा' खोडलं आहे.
रकाना अजून कोरा. सोमवारी साहेब विचारतील.
अंगठ्याला पांढरी भुकटी लागली आहे,
चुन्याची की पेन्सिलीची, सांगता येत नाही.