आवंढा

अंधारात उभं राहायचं. समोर कागद, कागदावर एवढासा दिवा,
आणि भिंतीवर कुणीतरी दुसरीच बाई.
तीस वर्षं हेच केलं,
रोममधल्या एका तळघरात, वर चामड्याच्या पिशव्यांचं दुकान.
तिचे ओठ मिटले की माझे मिटायला हवेत.
प, ब, म :
या तीन अक्षरांवर माझं घर चाललं.

फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून फिरवत ठेवतात.
आमच्यात त्याला कडं म्हणतात.
तीच बाई तेच दार पुन्हा पुन्हा उघडते,
तोच नवरा पुन्हा पुन्हा जिन्यावरून पडतो,
आणि काचेमागून तुल्लिओ म्हणतो,
"एर्सिलिया, परत एकदा."

रडणं माझ्या हातचा मळ.
किंचाळण्याआधी कोमट पाणी, नंतर बडीशेपेची गोळी.
पुष्कळ मेले मी, दोनदा तर क्षयाने.
ट्राममध्ये बसेपर्यंत त्यातलं काही उरत नसे.

मग पिरोश्का आली.
म्हणजे तिचा चेहरा आला, बुडापेस्टहून, पत्र्याच्या सहा डब्यांतून.
नदीच्या धक्क्यावर तिकिटं विकणारी बाई.
खिडकीशी एक कोटवाला येतो. टोपी न काढता विचारतो,
तुझा भाऊ काल इथून गेला का.
ती तिकिटावर शिक्का मारते.
आणखी एका तिकिटावर मारते, जे कुणी मागितलेलं नाही.
मग म्हणते, "काल? काल कुणी आलं नाही."

कागदावर एवढंच होतं.
पण दुसरा शिक्का आणि पहिला 'काल'
यांच्या मधल्या फटीत
तिचा गळा हलतो.

मी आवंढा गिळला. तुल्लिओ म्हणाला, पाणी प्यायल्यासारखा वाटतो.
पुन्हा गिळला. औषध घेतल्यासारखा.
पुन्हा. आता नटीसारखा.
नवव्या वेळेला घशात गिळायला काही उरलंच नव्हतं,
आणि कडं फिरतच होतं,
ती बाई मान वर न करता मला दर वेळी हरवत होती.
तेव्हा कळलं, ती आवंढा दाखवत नव्हतीच.
लपवत होती. आणि लपवताना सापडली होती.
मी मात्र नऊ वेळा ताटात वाढून आणला.

"सोड," तुल्लिओ म्हणाला. "कोण ऐकणार आहे?"
मी म्हटलं, तिचाच राहू दे.
ध्वनीवाला नेविओ, महिन्यातून एकदा बोलणारा,
कात्री घेऊन उठला. मूळ पट्टीतला अर्धा सेकंद कापला,
माझ्या दोन श्वासांमध्ये चिकटवला.
आवंढ्याबरोबर तिकडची थोडी हवाही आली,
लांबवर कुठल्यातरी बोटीचा भोंगा.
तो काही निघाला नाही.

स्टेशनाजवळच्या थिएटरात सिनेमा अकरा दिवस चालला.

नंतर बऱ्याच वर्षांनी, औषधांच्या दुकानात,
मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या
आणि रांगेतली एक बाई वळली. "तुम्ही त्या तिकिटवाल्या!"
गोष्ट तिला आठवत नव्हती.
तो भाऊ होता की प्रियकर, शेवटी सापडला का,
नदी होती की समुद्र, काही नाही.
"पण तुम्ही असं केलंत ना," म्हणाली,
आणि दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली.
"वरच्या मजल्यावरच्यांना न्यायला ट्रक आला,
तेव्हा माझे वडील दारात असेच उभे होते.
मी सात वर्षांची. त्यांचा चेहरा गेला, आवाजही गेला,
एवढंच राहिलं होतं. म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?"

मी नव्हते ती, असं सांगायचं होतं.
'म'साठी ओठ मिटले.
ते मिटलेलेच राहिले.

औषधवाला सुटे पैसे मागत होता.