सोमवारची प्रत

निवतीच्या बंदरावर आमच्या सोसायटीचं ऑफिस.
खाली बर्फाचा कारखाना, वर मी आणि एक कॉम्प्युटर.
खाऱ्या वाऱ्यात इथे कुलपं सहा महिन्यांत मरतात,
खिडकीचे गज पापुद्रे सोडतात,
मग यूएसबीच्या तोंडातल्या नखाएवढ्या पट्ट्यांची काय कथा.

रोज सहाला, कॅश जुळली की बॅकअप.
सहा पेनड्राइव्ह, सहा वारांचे,
नेलपॉलिशने अक्षरं घातलेली.
घरी उकड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे,
दमट होऊ नयेत म्हणून.
आईने एकदा गुरुवार तांदळाबरोबर धुतला.
वाळवला, तर चालला.
चार वर्षं मी हे केलं,
देवापुढे दिवा लावावा तसं,
देव देव्हाऱ्यात आहे का ते न बघता.

त्या शनिवारी वीज गेली, आली, परत गेली,
आणि तिसऱ्यांदा आली ती जरा जास्तच आली.

कुडाळहून हर्षद आला, नवं मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
रिस्टोअरवर बाण नेऊन थांबला.
"हे कधी करून बघितलं होतं?"
मी म्हटलं, बॅकअप रोज घेते.
"ते नाही विचारलं मी."

शुक्रवार: शून्य केबी.
गुरुवार, बुधवार, मंगळवार:
नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही,
कालवणात एखादा शिंपला उघडावा
आणि नुसती वाळू निघावी.
मंगळवारपासून डिस्कच भरलेली.
प्रोग्रॅम रोज "यशस्वी" म्हणत होता,
मी रोज ओके म्हणत होते.

सोमवार उघडला.

राहिलेले चार दिवस माणसांना विचारून भरायचे ठरले.
मासेवाल्या बायका तारखेने बोलत नाहीत.
"मंगळवारी? मंगळवारी भांग, जाळ्यात काय नाय. पन्नास भरलंय."
"बुधवारी सौंदाळे गावले. तीनशे.
रोहिणीक विचार, तेणी पण तीनशेच भरल्यान."
रोहिणीला वेगळं बसवून विचारलं. जुळलं.
पेद्रू फर्नांडिस इंजिनाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता
बुधवारीच भरून मोकळा झालेला.
स्क्रीनवर परत अठरा हजार बाकी.
तो हसला, कपाटावरून पेढ्यांचा रिकामा पुडा उचलून
माझ्यासमोर ठेवला:
"ही बघ पावती."
पैसे काढलेले लोक जरा उशिरा आले,
पण आले. एक सोडून.
कोण ते मला माहीत आहे.
इथेही नाव लिहीत नाही.

रात्री अकराला एकच नोंद उरली.
खातं एकशे चौऱ्याहत्तर, लवू खवणेकर.
सोमवारच्या प्रतीत: चालू.
मंगळवारी पहाटे तो गेला,
बुधवारी होडी तेवढी भोगव्याला लागली,
शुक्रवारी त्याच्या नावापुढच्या चौकटीत
मी एक अक्षर घातलं होतं.
ते परत घालायचं होतं.
खाली बर्फाचं मशीन बंद पडेपर्यंत
मी बोट कळीवर ठेवून बसले होते.
मग घातलं.

आता महिन्यातून एकदा
गोदामातल्या जुन्या मशीनवर
मी सगळे वार उघडून बघते.
हर्षदने बजावलंय, चालू हिशेबावर कधी नाही,
नेहमी बाजूला.
मंगळवार उघडतो, बुधवार उघडतो,
शून्य केबी कुठेच नाही.
तो जुना सोमवार मात्र मी पुसलेला नाही.
त्याला वेगळा सातवा ड्राइव्ह घेतला, स्वतःच्या पैशाने.

खातं एकशे चौऱ्याहत्तर, चालू.
शेवटची नोंद दुपारी साडेचार, सत्तर रुपये.
शंभराची नोट दिली होती त्याने,
माझ्याकडे सुट्टे नव्हते.
"ऱ्हवांदे, फाल्या दी," म्हणून जिना उतरला.

त्या फाइलला वाचायची परवानगी आहे,
लिहायची नाही.
मी वाचते.
तीस रुपये ड्रॉवरमध्ये वेगळ्या पाकिटात आहेत,
ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.
मशीन बंद करते,
सोमवार खिशात टाकते,
घरी जाऊन तांदळात खोल.